शेवट असा का?

जॉर्ज ऑर्वेल हे इंग्रज लेखक. परंतु त्यांचा जन्म बिहारमधील मोतिहारी येथे १९०३ साली झाला. त्यांची '१९८४' ही कादंबरी १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्व सत्ता एकाच पक्षाच्या हाती गेलेल्या काल्पनिक राज्याचे भयावह चित्र तिच्यात आहे. तेथे नागरिकांवर सतत पाळत असते. जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर बदलून भूतकाळच नव्याने लिहिला जातो. विन्स्टन स्मिथ हा तेच काम करणारा एक सामान्य कर्मचारी. तो चोरून रोजनिशी लिहू लागतो आणि तेथून त्याचे बंड सुरू होते.

माझ्या भाचीने ही कादंबरी सतराव्या वर्षी वाचली. ती रायपूरमध्ये वाढलेली. शाळेची भाषा हिंदी, घरची मराठी. कादंबरीतील सत्ताधारी भाषेतून एकेक शब्द वगळत जातात, हे वाचून ती विचारात पडली. "आपल्या घरी कोणी सक्ती केली नाही, तरी आजीचे कितीतरी शब्द मला येत नाहीत," असे ती म्हणाली.

शेवट वाचून मात्र ती संतापली. छळ असह्य झाल्यावर विन्स्टन आपल्या प्रेयसीचाच विश्वासघात करतो आणि अखेरीस त्याच सत्तेवर प्रेम करू लागतो. "मावशी, तो इतका दुबळा कसा? शेवट असा का?" असे तिने मला विचारले.

तेव्हा मला माधवराव सप्रे आठवले. मराठी मातृभाषा असलेल्या सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. पुढे नागपुरातून 'हिंदी केसरी' चालवून लोकमान्य टिळकांचे विचार त्यांनी हिंदी वाचकांपर्यंत पोहोचवले. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. त्याच वर्षी टिळकांना शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले. सप्रे मात्र कुटुंबीयांच्या आग्रहापुढे नमले आणि माफीनामा देऊन सुटले.

तेथेच सारे संपले असते, तर तीही विन्स्टनचीच कथा ठरली असती. परंतु सप्रे रायपूरला आले, 'दासबोधा'च्या चिंतनात बुडाले आणि तो ग्रंथ त्यांनी हिंदीत आणला. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी लिहिलेल्या 'गीतारहस्या'चे हिंदी भाषांतरही त्यांच्याच हातून झाले. १९२४ साली ते डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९२६ मध्ये रायपूर येथे त्यांचे निधन झाले.

मी भाचीला म्हणाले, "विन्स्टन सप्रेंपेक्षा दुबळा होता, असे मला वाटत नाही. खचलेला माणूस ज्यांच्या आधाराने पुन्हा उभा राहतो, ते ग्रंथ, ती माणसे आणि ते शब्द सप्रेंपाशी शिल्लक होते. विन्स्टनच्या राज्याने ते आधीच नाहीसे केले होते. म्हणून शेवट तसा आहे."

तिचे पूर्ण समाधान झाले नाही. "पण मावशी, माफी मागितली ती मागितलीच ना?"

"मागितलीच," मी म्हणाले. "ती नोंद पुसायची नाही. सप्रे आपल्याला प्रिय आहेत म्हणून ती वगळली, तर आपणही विन्स्टनच्या कचेरीतलेच काम करू."