शुद्ध ग्रीक कुणाची?

प्राचीन ग्रीकांना शतकानुशतके एकच एक प्रमाणभाषा नव्हती आणि त्यावाचून त्यांचे काही अडले नाही. हेरोडोटसचे हालिकार्नासस डोरियन लोकांनी वसवलेले, तरी त्याने इतिहास लिहिला आयोनियन बोलीत. अथेन्सच्या शोकांतिकेत पात्रांचे संवाद तिथल्याच अ‍ॅटिक बोलीत असत आणि त्याच नाटकातल्या वृंदगीतांना डोरियन वळण असे. शुद्धतेची चाड मात्र त्यांना होतीच. अ‍ॅरिस्टॉटल ‘वक्तृत्वशास्त्रा’त शुद्ध ग्रीक हा शैलीचा पाया मानतो. त्यासाठी तो सांगतो ते एवढेच : उभयान्वयी अव्यये जागच्या जागी हवीत, शब्द नेमका हवा, अर्थ संदिग्ध नको, लिंग-वचन चुकू नये. या नियमांत अमुक गावचीच बोली खरी, असे कुठेही नाही. शुद्धता म्हणजे नेमकेपणा, आणि तो कोणत्याही बोलीत साधता येतो.

यावर कुणी म्हणेल, परक्या बोलीची टिंगल ग्रीकांनीही केलीच की! केली. पण कवी थिओक्रिटसच्या पंधराव्या काव्यात अलेक्झांड्रियाच्या गर्दीतला एक जण सिराक्यूजच्या बायकांच्या पसरट स्वरांवर वैतागतो, तेव्हा त्यांच्यातली प्राक्सिनोआ त्याला तिथेच सुनावते : आम्ही मूळच्या कॉरिंथच्या, डोरियनांनी डोरियन बोलायचे नाही तर कुणी? टिंगलीला असे ताठ मानेने उत्तर देता येत होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सर्वांना समजणारी एक भाषा नको का? हवीच, आणि ती ग्रीकांना मिळालीही. अलेक्झांडरनंतर अ‍ॅटिकच्या पायावर, आयोनियनची भर पडून ‘कोइने’ रूढ झाली. ती व्यवहारातून घडली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या अ‍ॅटिकवाद्यांना मात्र भाषेत पाचशे वर्षांपूर्वीचे अथेन्स हवे होते. त्यांच्यातल्या फ्रिनिकसने त्याज्य शब्दांची जंत्री केली आणि नाटककार मिनँडरलाही दोषी ठरवले. मिनँडर तर जन्माने अथेन्सचाच! खुद्द अथेनियन माणूसही ज्या कसोटीला उतरत नाही, ती कसोटी भाषेची नव्हे, प्रतिष्ठेची असते. संशयवादी तत्त्वज्ञ सेक्स्टस एम्पिरिकसने वैयाकरणांना बजावले की शुद्धतेचा निवाडा रूढ वापर करतो. त्याचेच म्हणणे मला पटते. प्रमाणभाषा अवश्य शिकावी आणि शिकवावी. पण तिच्या नावाखाली कुणाच्या बोलीला अशुद्ध म्हणण्याचा अधिकार कोणत्याही व्याकरणाला नाही.