थोडी कीड राहू दिली

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. तिथे पॉलिशचं काम करणारी पोरं माझ्या दवाखान्यात येतात ती बहुतेक दाढ रात्रभर ठणकल्यावरच, आणि खुर्चीत बसायच्या आधीच सांगतात, "डॉक्टर, नस काढून टाका." त्यांच्यातलाच विशीतला एक मुलगा जरा लवकर आला. खालच्या दाढेला मोठा खड्डा. गार पाण्याने कळ यायची, पण लगेच थांबायची. आरशाच्या दांड्याने ठोकलं तरी दुखत नव्हतं. एक्स-रेत कीड नसेच्या अगदी जवळ पोचलेली दिसली, पण नस सावरण्याजोगी वाटली.

कडेची कीड पूर्ण काढली. तळाशी आल्यावर मशीन बाजूला ठेवलं आणि चमच्यासारख्या हत्याराने हलकेच खरवडलं. ओला, मऊ लगदा निघाला. खाली चामड्यासारखा चिवट, तपकिरी थर लागला, तो तसाच ठेवला. त्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, वरून ग्लास आयोनोमर सिमेंट.

"कीड आतच ठेवून बंद करताय?" त्याने विचारलंच.

डेंटिनमध्ये, म्हणजे इनॅमलखालच्या दाताच्या कठीण थरात, वजनाने साधारण 70 टक्के खनिज असतं. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजनचे धागे आणि पाणी. लगद्यात जंतूंनी धागेच कुजवलेले असतात. चिवट थरातलं खनिज आम्लाने गेलेलं असतं, पण धागे बऱ्यापैकी शाबूत असतात. खनिज परत बसवायचं काम फॉस्फोफोरिन, डीएमपी-1 यांसारखी प्रथिनं करतात. डीएमपी-1 ची ओळख शिकागोत ॲन जॉर्ज, आर्थर व्हाईस आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये उंदराच्या दातांवरच्या अभ्यासातून पटवली. या प्रथिनांवरचे फॉस्फेट कॅल्शियमला धरून ठेवतात आणि धाग्यांवर स्फटिक जमू लागतात. त्यातही फॉस्फोफोरिन धाग्याला चिकटलेलं असेल तरच स्फटिक धरायला मदत करतं. द्रावणात मोकळं असेल तर उलट अडवतं. धागेच खरवडून टाकले, तर खनिज बसणार कशावर? शिवाय डेंटिनमध्ये अडकलेली काही प्रथिनं आम्लाने सुटी होऊन नसेच्या कडेच्या पेशींना कामाला लावतात, आणि त्या आतून नवं डेंटिन घालतात.

त्याला मी एवढंच सांगितलं, "खालचा भाग परत कडक होईल. फक्त वरचं सिमेंट हललं तर लगेच यायचं."

पुढच्या पावसाळ्यात सुपारी चावताना सिमेंटचा कोपरा उडाला आणि तो खरंच लगेच आला. कळ नव्हती. सिमेंट काढलं तेव्हा तळ काळपट, कोरडा झाला होता. हत्याराचं टोक त्यात रुतेना, नुसतं खरखरलं. तिथे काहीच न कोरता पक्कं फिलिंग केलं.

"नस काढा" म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, गार पाण्याची कळ लगेच जाते की रेंगाळते? रात्री आपोआप ठणकतं का? कळ रेंगाळत असेल, झोपमोड होत असेल, तर बहुधा रूट कॅनलच लागतं. लगेच जात असेल, तर दाढेला दुरुस्तीची संधी देऊन बघते.