मेडिकल

रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठी आमच्या मोहल्ल्यांत 'मेडिकल' म्हटले की औषधाचे दुकान कुणाला आठवत नाही. आखातात निघालेल्या पोराची तपासणी आठवते. 'याचं मेडिकल झालं का?' हे मशिदीच्या पायरीवर चपला काढतानाही विचारले जाते. मुंबई गाठायची, मान्यताप्राप्त केंद्रात रांग लावायची, फी आपल्या खिशातून भरायची, रक्त द्यायचे, छातीचा एक्सरे काढायचा. मग येतो एकच शब्द, फिट किंवा अनफिट.

तो शब्द बहुतेक वेळा एजंट सांगतो. पासपोर्टच्या नंबरावरून निकाल आता मोबाइलवर पाहता येतो, पण पासपोर्ट असतो एजंटच्याच ड्रॉवरमध्ये. तो सांगतो, तेही चार माणसांत. 'मेडिकलमध्ये राहिला' एवढे कानावर पडले की पुढचे निदान मोहल्ला करतो. व्हिसासाठी उसने दिलेले दारात येतात. बहिणीची ठरत आलेली मंगणी लांबते.

आमच्या वाडीतल्या एका मुलाचे असेच झाले. लहानपणी त्याला टीबी झाला होता, पूर्ण औषध घेऊन तो कधीच बराही झाला होता. फुप्फुसावर डाग तेवढा राहिला. डाग कुणाला लागत नाही, पण आखाती देशांच्या नियमांत तोही चालत नाही. कुणाला येऊ द्यायचे ते त्या देशांनी ठरवावे, त्याबद्दल आमचे भांडण नाही. पण अंग त्याचे, फी त्याच्या बापाची, आणि कारण ठाऊक एजंटच्या पोऱ्याला, हे कसे?

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी मजुराचा खटला आला होता. एचआयव्ही आढळला म्हणून सार्वजनिक क्षेत्रातल्या महामंडळाने त्याला काम नाकारले होते. काम करण्याजोगा असेल आणि इतरांना धोका नसेल, तर एवढ्याच कारणाने नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. निकालपत्रात त्याचे नाव नाही, 'एमएक्स' एवढेच आहे. आम्हाला निकालाइतकीच ही ऐबपोशी मोलाची वाटते. पुढे २०१७ चा एचआयव्ही कायदा आला. नोकरीची अट म्हणून ही तपासणी लादायला त्यात बंदी आहे. आखाताच्या मेडिकलमध्ये मात्र ती होतेच.

डॉक्टरांसाठी २००२ ची नियमावली आहे. रुग्णाचे गुपित ही अमानत, हे तिथेही मान्य आहे. आणि रुग्णाने मागितल्यास त्याचे कागद ७२ तासांत द्यायचे आहेत. हे आमच्याकडे किती जणांना माहीत असेल?

त्या मुलाच्या मामूंना माहीत होते. त्यांनी साध्या कागदावर अर्ज लिहिला, एक्सरे मिळवला. तालुक्याच्या डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, जुना डाग बोटाने दाखवला, आणि बोलण्याआधी उठून दार ओढून घेतले. बाहेर बाकावर आमच्याच मोहल्ल्यातले तिघे बसले होते.