रंगाचा हात

मराठीत आपण भिंतीला रंगाचा ‘हात’ देतो. थर, लेप, पुट असे शब्द हाताशी असताना बोलीने हा शब्द निवडावा, हे मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. थर वस्तूचा असतो, हात माणसाचा. जुना रंग खरवडून काढण्याच्या साध्या कामातही म्हणूनच कोणाचा तरी हात पुसला जात असल्याची जाणीव मिसळलेली असते. ही जाणीव मला फार जवळून पाहावयास मिळाली ती इंग्लंडमधील एका कालव्यावर.

इंग्लंडच्या मध्यभागातील बरेचसे कालवे अठराव्या शतकातील. जेम्स ब्रिंडलीसारख्या अभियंत्यांनी त्यांची आखणी केली आणि पाण्याची पातळी चढवण्या-उतरवण्यासाठी बांधलेल्या अरुंद ‘लॉक’ची रुंदी सुमारे ७ फूट ठेवली. त्या मापाने नावांचेही माप ठरून गेले. रुंदी सात फुटांच्या आत, लांबी फार तर सत्तर-बाहत्तर फूट. या नावांतून कोळसा वाहिला जाई आणि नावाड्याचे सारे कुटुंब मागच्या बाजूच्या चिमुकल्या खोलीत राहत असे. त्या खोलीच्या दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. पुढे रेल्वे आणि रस्ते यांनी ही वाहतूक हिरावून घेतली. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले, तेव्हा उरल्यासुरल्या व्यवसायाचाही कणा मोडला. आज त्याच घडणीच्या पोलादी नावांत माणसे हौसेने फिरतात, काही जण कायमची राहतातही.

माझी भाची अशीच एका ५७ फुटी नावेत राहते. ग्रँड युनियन आणि ऑक्सफर्ड हे दोन कालवे जेथे मिळतात, त्या ब्राउनस्टन गावाजवळ तिची नाव बांधलेली असते. तिचा इंग्रज नवरा गेल्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. जाण्यापूर्वीच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्याने नावेच्या छताला गर्द हिरवा रंग दिला होता. ब्रशाचे फराटे त्यात अजून दिसत होते. मात्र त्या रंगाला जागोजागी फोड आले होते.

अशा नावेच्या छताचा पत्रा बहुधा ४ मिलिमीटर जाडीचा असतो. कडेच्या कठड्यापाशी, हवेसाठी बसवलेल्या झाकणांच्या बुडाशी, फुलांच्या कुंड्यांखाली पाणी साचून राहते. रंगाला कोठेतरी चीर गेली की ते आत शिरते आणि गंज धरू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे वरचा रंग तो आतून उचलत जातो. असा फोड दिसतो रुपयाएवढा, पण टोकरून पाहावे तर गंज वीतभर पसरलेला असतो. वरून नवा हात दिल्याने तो थांबत नाही, केवळ दिसेनासा होतो.

“मामा, फोडांपुरतंच घासून वरून हिरवाच दिला तर?” भाचीने एकदा विचारले. तिला उत्तर ठाऊक होते. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिने कुंड्या धक्क्यावर उतरवल्या, पोपडे पाण्यात पडू नयेत म्हणून कडेने ताडपत्री बांधली, तोंडाला मुखवटा लावला आणि ग्राइंडरला तारेचा ब्रश चढवला. हिरव्याखाली निळा निघाला, त्याखाली तांबडा, आणि मग गंजाच्या खळग्यांनी डागाळलेले पोलाद उघडे पडले.

मला त्या वेळी आपल्याकडचा शेंदूर आठवत होता. परंपरेने शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. जहाजे आणि पूल यांच्या लोखंडावर गंजरोधक म्हणून एके काळी सर्रास लावले जाई ते हेच द्रव्य. आपण ते देवाला भक्तीने लावतो, थरावर थर चढतात आणि कधीतरी ते कवच उतरवावे लागते. २०२२ साली सप्तशृंग गडावर देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे जुने थर असेच उतरवण्यात आले. त्याला कोणी भक्तीचा लोप म्हटले तर ते योग्य होणार नाही.

मात्र पाषाण आणि पोलाद यांत एक भेद आहे. थर उतरल्यावर मूर्तीचे मूळ रूप दिसते आणि टिकते. पोलादाचे मूळ रूप एक रात्रही टिकत नाही. दवाचा स्पर्श होताच त्यावर तांबूस छटा येते. त्यामुळे भाची रोज सकाळी छतावर तळहात ठेवून ते कोरडे झाल्याची खात्री करून घेई, मगच काम सुरू करी. सायंकाळी दव पडण्यापूर्वी प्रायमर सुकावा, या हिशेबाने दिवसाला चारपाच फूटच खरवडी. “झाकता येईल तेवढंच उघडं करायचं,” ती म्हणाली.

संहितेवरचे उत्तरकालीन थर दूर सारून मूळ पाठापर्यंत पोहोचणे हे आम्हा अभ्यासकांचे ध्येय असते. तिच्या त्या वाक्याने मी विचारात पडलो. मूळ उघडे करणाऱ्यावर ते सांभाळण्याचीही जबाबदारी येते. नुसते खरवडणे ही चिकित्सा नव्हे. आणि सरसकट खरवडणे तर नव्हेच. दारांच्या आतल्या बाजूला त्याने रंगवलेले गुलाब होते. तेथे पत्रा निरोगी होता, रंग घट्ट होता. त्यांना तिने ब्रश लावला नाही.

छताला तिने अखेर फिकट राखी रंग दिला, कारण गर्द रंगाचे छत उन्हात फार तापते. पाय घसरू नये म्हणून चालण्याच्या पट्ट्यावर, रंग ओला असतानाच, बारीक कोरडी वाळू भुरभुरली. हिरव्याचा कणही उरला नाही. तरीही त्या छताकडे पाहताना मला त्याचा हात पुसला गेला असे वाटले नाही. ज्या पत्र्यासाठी त्याने रंग दिला होता, तो पत्रा वाचला होता.