पहिला नान

ज्वारीची भाकरी सोडून दुसरी कुठली रोटी आपल्या हातून होईल, असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. औंढ्याचा माणूस ज्वारीवरच वाढलेला. पीठ गरम पाण्यात मळायचं, उंडा थापायचा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून ती खमिराने चढत नाही. भाकरी फुगते ती वाफेने. अम्मीच्या हातची फुगते, आमची फाटते. नान किंवा पाव बेकरीतून यायचा, तोही बहुधा रमजानात. नान-खलिया तर लग्नाच्या दस्तरखानावरच.

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली. मोहल्ल्यातल्या भट्टीचे कारागीर आपापल्या गावी निघून गेले. आमची शाळा विनाअनुदानित. फी येईना, तसा पगारही थांबला. डी.एड., बी.एड.ची प्रमाणपत्रं लोखंडी पेटीत नीट घडी घालून ठेवलेली होती आणि किराणा दुकानाची वही भरत चालली होती. २५ एप्रिलला पहिला रोजा. त्या संध्याकाळी धाकट्या मुलीने विचारलं, "अब्बू, नान नाही?"

घरात मैदा होता, दही होतं. मैद्यात दही आणि चमचाभर साखर कालवून भांडं झाकून ठेवलं. दर तासाला झाकण उघडून बघायचो, म्हणून अम्मी रागावल्या. "खमीर को छेडो नको!" दुसऱ्या दिवशी दुपारी भांड्यात बुडबुडे दिसले, आंबूस वास आला. ते घालून पीठ मळलं, चार तास झाकून ठेवलं.

भट्टी नव्हती, म्हणून कुकर घेतला. रबर आणि शिट्टी काढली, तळाला बोटभर जाड मिठाचा थर दिला, त्यावर जाळी आणि जाळीवर ताटली. मीठ वितळेल, अशी बेगमला धास्ती. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, हे आम्ही अगदी वर्गात सांगावं तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग कुकरच वितळेल." कुकर शाबूत राहिला. पंचवीस मिनिटांनी पाहिलं तर नान खालून लालसर, वरून मात्र आजाऱ्यासारखा पांढरा.

अम्मी तसबीह ठेवून उठल्या. "ऊपर भी अंगार रखो बेटा. मुहर्रम में रोट कैसे करते थे?" आमच्या दादीअम्मा रवा, तूप, साखर, दूध घालून मुहर्रमचे रोट करायच्या. खाली मंद निखारे, पातेल्यावर परात आणि परातीतही निखारे. तांब्याचं ते पातेलं माळ्यावर पडून होतं. बेगमने ते चिंचेने घासून लखलखीत केलं, अंगणात तीन विटा मांडल्या. त्या दिवशी नानवर जो रंग चढला, तो बेकरीच्या नानलाही आम्ही पाहिलेला नाही. मगरिबच्या अजानला खजूर, पाणी आणि वाफाळता नान. कितीतरी दिवसांनी घरात कोणी पैशांविषयी बोललं नाही.

वास भिंतीपलीकडे गेलाच. शेजारून विचारणा झाली, "आम्हाला चार करून द्याल? पैसे घ्या." बेगमने आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही चुलीकडे. शिक्षकाने नान विकायचे? आमच्या घरातून इफ्तारचा हिस्सा वाटला जायचा, कधी काही विकलं गेलं नव्हतं. रात्रभर झोप आली नाही. सहेरीला अम्मीच म्हणाल्या, "बेचो. पन पैले नान का पैसा लेना नको."

पहिला नान जायचा शेजारच्या मावशींकडे. त्या नागनाथाच्या देवळाबाहेर बेल-फुलं विकायच्या. देऊळ बंद, भाविक नाहीत, त्यामुळे टोपली उपडी पडलेली. मोकळं भांडं त्या कधी परत द्यायच्या नाहीत. त्या दिवसांत त्यांच्या कुरडयांचं वाळवण चाललं होतं. वाडग्यातून गरम गव्हाचा चीक यायचा, वर तेल आणि तिखट. रोजा सुटल्यावर पहिल्यांदा आमचा हात त्या वाडग्याकडे जायचा, नानकडे नाही. अम्मींना हे आवडायचं नाही.

एका दुपारी दार वाजलं. आमच्याच सातवीतला मुलगा, तोंडाला रुमाल बांधलेला, मुठीत चिल्लर. "सर, अम्मीने छे नान मंगाये." आधी मान कोणाची खाली गेली, सांगता येणार नाही. आम्ही नान कागदात बांधत होतो, तर तो हळूच म्हणाला, "सर, ये फूलता कैसे?"

त्याच्या घरी मोबाईल नव्हता. आम्ही मोबाईलवरून घेतलेल्या एकाही तासाला तो नव्हता. त्याला अंगणात लांब बसवलं, खमिराचं भांडं उघडून दाखवलं. यात सूक्ष्मजीव असतात, ते साखर खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि मैद्याचं ग्लुटेन तो वायू धरून ठेवतं. फळ्याऐवजी परात होती, पण तास पूर्ण झाला. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन आला. त्या दिवशी नान नऊ झाले. विकले गेले पाच.

२५ मे रोजी ईदची नमाज घरातच झाली. पुढे पगार सुरू झाला, आधी अर्धाच, आणि विकणं थांबलं. १६ नोव्हेंबर २०२० ला देवळं उघडली, मावशी पुन्हा टोपली घेऊन बसू लागल्या. शुक्रवारी अंगणात तीन विटा अजून मांडतो. पहिला नान धाकटीच नेऊन देते आणि येताना वाडग्यात काय आहे ते वाटेतच चाखून येते.