आगे के हरफ

अम्मीचा चष्मा एका वर्षात दोनदा बदलला. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालं होतं, तरी तक्रार तीच. मराठी पेपर ती अडखळत का होईना वाचायची. खरी अडायची ती फज्रनंतर कुरआन उघडल्यावर. निम्म्या पाठ असलेल्या सूरहच्या ओळीतही बोट थांबायचं. "आगे के हरफ भाग जारे बेटा," म्हणायची. भोकरदनच्या आमच्या गल्लीत याचे अर्थ लावणारे कमी नव्हते. कुणी म्हणे वय झालं, कुणी म्हणे मन लागत नाही. अम्मीने तिसराच अर्थ काढला होता, की आपल्या हातून काही गुन्हा झालाय. ती तौबा करत बसायची आणि मी तिला नव्या काचा आणून द्यायचो.

ईदला भाची आली. ती डोळ्यांच्या विभागात पदव्युत्तर शिक्षण घेते. सणातही रात्री मोबाईलवर तिची लेक्चरं चालू. विषय न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजी. "मामू, डोळा चांगला आहे आणि तरी दिसत नाही, तिथून हा विषय सुरू होतो," ती म्हणाली. यातले काही आजार इतके विरळा की शिकताना एकही पेशंट समोर येत नाही. मग फोटो आणि व्हिडिओ बघूनच शिकायचं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने असा मोठा संग्रह कुणालाही फुकट बघता येईल असा ठेवलाय. बुबुळ कसं थरथरतं हे छापील फोटोत कळत नाही, हलतानाच बघावं लागतं.

तिने एक चित्र दाखवलं. दोन डोळ्यांच्या दोन नसा मागे जाऊन एकमेकींना फुलीसारख्या भेटतात. तिथे प्रत्येक नसेतले निम्मे धागे पलीकडे जातात. त्यामुळे डाव्या बाजूचं जग, दोन्ही डोळ्यांनी बघितलेलं, मेंदूच्या उजव्या भागात पोचतं. मी हो-हो करत होतो. भाचीचं लक्ष मात्र नानीकडे गेलं होतं. डावीकडे ठेवलेल्या शीरखुर्म्याच्या वाटीकडे नानीने बघितलंच नव्हतं.

ती अम्मीसमोर बसली. एक डोळा झाकायला लावला, बाजूला बोटं धरली, किती ते विचारलं. मग दुसरा डोळा. दोन्ही वेळा डावीकडची बोटं अम्मीला दिसली नाहीत. दोन मिनिटांचं काम. पुढे संभाजीनगरला एमआरआय झाला. मेंदूच्या मागच्या उजव्या भागात जुना झटका होता, कधी येऊन गेला कुणालाच कळलं नव्हतं.

अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात. म्हणजे पुढचा शब्द नेमका त्या अंधाऱ्या बाजूला. हरफ खरोखरच पळत होते.

भाचीने मग आणखी एक चित्र दाखवलं. इब्न-उल-हैसमच्या 'किताब-उल-मनाज़िर'ची 1083 सालची प्रत इस्तंबूलला आहे, त्यांच्या जावयाने उतरवलेली. तिच्यातही दोन डोळे आणि मध्ये भेटणाऱ्या नसा काढल्यात. आपल्याकडे हे नाव निघालं की सगळं विज्ञान आपणच शोधलं इथवर गाडी जाते. तसं नाही. नसांची ही रचना त्यांनी ग्रीक वैद्य गॅलनच्या परंपरेतून घेतली, आणि निम्मे धागेच पलीकडे जातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती कल्पना न्यूटनने 1704 च्या 'ऑप्टिक्स'मध्ये प्रश्नाच्या रूपात मांडली. पण दिसण्याचं काम डोळ्यावर संपत नाही, मागे जाऊन पुरं होतं, हे त्या चित्रात आहे. चष्म्याच्या दुकानात मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

गेलेली बाजू परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. भाचीने नानीला एक सवय लावली: आधी बोटाने ओळीचं डावं टोक गाठायचं, नजर तिथवर न्यायची, मग वाचायला लागायचं. वेळ लागतो. परवा फज्रनंतर अर्धा रुकू वाचून अम्मीने हाक मारली आणि विचारलं, "तो गुनाह नै था ना?"

मी म्हटलं, "नै अम्मी, नस थी."