नवी फटफटी

फटफटी हा शब्द कोणा पंडिताने कोशात बसून घडविलेला नाही. एकाच सिलिंडरच्या त्या यंत्राचा आवाज खेड्यातील माणसांच्या कानी पडला आणि त्यांनी त्या आवाजालाच नाव करून टाकले. पुढे यंत्रे सुधारली. त्यांचा आवाज आता इतका मवाळ झाला आहे की, उंबऱ्यात निजलेले मांजरही त्याने दचकत नाही. तरीसुद्धा तिसगावच्या एखाद्या गल्लीत कोरे वाहन शिरले की, ओट्यावर बसलेली एखादी म्हातारी हटकून विचारते, "कुणाची रं ही नवी फटफटी?" या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यात केवढे सुख साठलेले असते, हे ज्याला ते उत्तर द्यावयाचे असते त्यालाच ठाऊक!

तिसगाव हे अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे नाव २०२४ पर्यंत अहमदनगर असे होते, आणि गावकऱ्यांच्या तोंडी अजूनही नुसते 'नगर' असते. नगरहून पाथर्डीकडे जाणारा रस्ता करंजीचा घाट ओलांडून या गावात येतो. एका अंगाला डोंगरात वृद्धेश्वराचे देवस्थान, दुसऱ्या बाजूला मढीच्या टेकडीवर कानिफनाथांची समाधी. मुलूख पर्जन्यछायेचा. पाऊस येथे पाहुण्यासारखा येतो, आणि काही वर्षी तर तोही येत नाही. २०१३ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत या जिल्ह्यात जनावरांसाठी चाऱ्याच्या छावण्या उभाराव्या लागल्या होत्या. अशा मुलखात जोंधळ्यापेक्षा दुधाचा भरवसा अधिक वाटतो. म्हणूनच येथील नव्या वाहनाचा आनंद समजून घ्यावयाचा, तर वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करणारा एखादा तरुण शेतकरी डोळ्यांसमोर आणावा.

त्याच्या बापाने सारे आयुष्य हे काम सायकलवर केलेले असते. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दोन किटल्या, हँडलला एक पिशवी, आणि चढ आला की खाली उतरून सायकल ढकलणे. पहाटेच्या अंधारात त्या किटल्यांच्या कड्यांचा किणकिणाट ऐकून लोक वेळ ओळखतात. पोरगा मोठा होतो, तीच सायकल चालवू लागतो, आणि एके दिवशी रात्रीच्या जेवणाच्या वेळी मान खाली घालून म्हणतो, "एक गाडी घ्यावी म्हणतो."

मग घरात हिशेब सुरू होतो. गाईच्या दुधाचे पैसे किती, पेंड किती रुपयांची, बँकेचा हप्ता दरमहा किती बसेल, आणि पाऊस पडलाच नाही तर काय! शेवटचा प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नाही. पण तो ताटाभोवती बसलेल्या प्रत्येकाच्या मनात असतो. बाप बराच वेळ बोलत नाही. शेवटी हात धुता धुता एवढेच म्हणतो, "पाडव्याला आण. मुहूर्त चांगला असतो."

एके काळी पैसे हाती असूनही हे सुख चटकन मिळत नसे. मद्रासला १९५५ मध्ये बुलेट जुळवली जाऊ लागली, म्हैसूरला १९६१ मध्ये जावा तयार होऊ लागली, आणि १९६२ पासून राजदूत रस्त्यावर दिसू लागली. ही राजदूत तर दूधवाल्यांची फार लाडकी, कारण ती कितीही ओझे मुकाट्याने वाहून नेई. परंतु कारखाने मोजके आणि घेणारे फार. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक कित्येक वर्षे वाट पाहत बसत. १९८५ मध्ये हिरो होंडाची शंभर सी. सी. ची मोटरसायकल आली. ती थोड्या पेट्रोलवर लांब जाई. दुचाकी हळूहळू शहरातून निघून शेताच्या बांधापर्यंत पोहोचली ती त्यानंतर.

या वाहनाचा मूळपुरुष मात्र फार दूरचा. १८८५ मध्ये जर्मनीत गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी लाकडी चौकटीच्या एका दुचाकीला पेट्रोलचे इंजिन बसविले. तिला लाकडी चाके होती, आणि ती कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना आणखी एकेक लहान चाक जोडले होते. चालायला शिकणाऱ्या मुलाला पांगुळगाडा द्यावा, तसलाच हा प्रकार! तिची पोते आज तिसगावच्या रस्त्यावरून पांगुळगाड्यावाचून धावतात.

पाडव्याचा दिवस उजाडतो. बाप-लेक एस. टी. ने नगरला जातात आणि दुपारी परत निघतात ते नव्या गाडीवरून... असे व्हावयास हवे. पण बाप काही मागे बसत नाही. "तू हो पुढं, मी येतो एस. टी. नं," असे म्हणून तो स्थानकाकडे वळतो. पोराला थोडे वाईट वाटते. परंतु किल्ली फिरताच ते वाईट वाटणे कोठल्या कोठे जाते.

नव्या गाडीचा तो पहिला प्रवास! टाकीवर ऊन चमकत असते. बैठकीवरचे प्लॅस्टिक वाऱ्याने फडफडत असते. ते काढावयाचे नाही, असे त्याने मनाशी ठरविलेले असते. पायांखाली केवढी विलक्षण घडामोड चाललेली असते! सिलिंडरमधील दट्ट्या खाली येताना हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढून घेतो, वर जाताना ती दाबतो. ठिणगी पडते, वायू भडकून दट्ट्याला खाली रेटतो. आणि पुढच्या फेरीला जळका धूर बाहेर लोटला जातो. दट्ट्याच्या चार फेऱ्यांत एक ठिणगी. इंजिन मिनिटाला पाच हजार वेळा फिरत असेल, तर सेकंदाला चाळीसहून अधिक ठिणग्या! शेतात राबणारी बैलजोडी मिळून साधारण एका अश्वशक्तीचे काम करते. हे मांडीएवढे यंत्र सात-आठ अश्वशक्तींचे काम करते, आणि त्याला कडबा लागत नाही. पेट्रोल मात्र लागते, आणि ते शेतात उगवत नाही.

करंजीच्या घाटात तो गाडी हळू चालवितो. नवे इंजिन पहिले हजार किलोमीटर जपून हाकावे, असे दुकानातल्या कारागिराने बजावलेले असते. दुसरेही एक कारण असते: उतारावरच्या वळणाची त्याला खरोखरच भीती वाटते. सायकल आपल्या पायांच्या जोरावर धावते. पाय थांबले की तीही थांबू लागते. हे वाहन मनगटाच्या एका पिळाने पळते आणि पळतच राहते. शिरस्त्राण त्याने डोक्यावर घातलेले असते, हे चांगले! पुष्कळ लोक ते आरशाला अडकवून हिंडतात. जणू काही रस्त्यावर आपटले तर आरशाचेच डोके फुटणार आहे.

घरी आई निरांजन लावून उभी असते. गाडीला हळदकुंकू लागते, झेंडूचा हार पडतो, हँडलपाशी नारळ फुटतो. चाकाखाली लिंबू चिरडले जाते आणि गल्लीभर पेढे वाटले जातात. सायंकाळी मित्र जमतात. 'एक चक्कर मारून येतो' असे म्हणणारे पाच जण निघतात. त्यांना नाही म्हणवत नाही, आणि ते परत येईपर्यंत घोटभर चहाही घशाखाली उतरत नाही. शेजारचा नववीतला मुलगाही किल्ली मागतो. त्याला मात्र तो ठामपणे सांगतो, "अठरा पुरी झाली, परवाना काढलास, की ये." मुलगा रुसून जातो; पण रात्री उशिरा तोच मुलगा गाडीच्या आरशावरची धूळ आपल्या बाहीने हळूच पुसताना दिसतो.

जवळच मढीला होळीपासून पाडव्यापर्यंत यात्रा भरते. तेथील गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. नवे जनावर घेतलेला माणूस परतताना दर थोड्या वेळाने मागे वळून त्याच्याकडे पाहतो. हा तरुणही रात्री तीन वेळा उठून अंगणात येतो. ताऱ्यांच्या उजेडात गाडी उभी असते. दूध नाही, चारा नाही, हंबरणे नाही. तरी गोठ्यातील गाईकडे पाहावे तसाच तो तिच्याकडे पाहतो.

आठवडाभर तो दूध सायकलवरूनच नेतो! कारण किटल्या टांगावयाच्या, तर दोन्ही अंगांना लोखंडी आकडे बसवावे लागतील, आणि कोऱ्या गाडीला लोहाराचा हात लावू देण्याचा त्याला धीर होत नाही. आई हसते. बाप काही बोलत नाही. पण हप्ता काही थांबत नाही. आठव्या दिवशी तो गाडी वेल्डिंगच्या दुकानात नेतो, ठिणग्या उडू लागताच पाठ फिरवून उभा राहतो, आणि आकडे बसलेली गाडी घेऊन घरी येतो.

नवव्या दिवशी पहाटे पहिली किटली अडकविताना तिची कड निसटते आणि गाडीच्या अंगावर बोटभर लांबीचा ओरखडा उमटतो. अंधारातही तो त्याला दिसतो. ओल्या बोटाने तो पुसून पाहतो. रंग गेलेला असतो तो गेलेलाच.

गोठ्याच्या दाराशी बाप उभा असतो. तो आत जाऊन गोणपाटाचा एक तुकडा आणि सुतळी घेऊन येतो. किटली जेथे घासते तेथे गोणपाटाची घडी घालून तो ती घट्ट बांधतो. सायकलला त्याने वर्षानुवर्षे अशीच बांधलेली असते. मग सुतळीची गाठ एकवार ओढून पाहतो आणि कोणी न म्हणता मागच्या बैठकीवर चढून बसतो. पोरगा किक मारतो. बापाचा एक हात किटलीच्या झाकणावर, दुसरा पोराच्या खांद्यावर.

"दमानं घे," बाप म्हणतो, "दूध हाय."